दोन एन्ट्र्यांच्या मधे

"ताई, लवकर... अहो, फार लवकर!"

असं म्हणत एक पोस्टमन आमच्या दुकानात शिरला. शिरला म्हणजे काय – भिंतीला पाठ चिकटवून, खेकड्यासारखा आडवा आडवा सरकत आला. खाकी कपडे, खांद्याला पिशवी, आणि डोळ्यांत हे एवढं काजळ! मी हातातली झालर खाली ठेवली. पोस्टात आता काजळ घालून पाठवतात की काय...

तोंडात माझ्या टाचण्या. त्यांच्या फटीतूनच विचारलं, "काय झालं?"

"फाटली."

"काय?"

"पँट. मागून." तो गुलाबी झाला – लाजून झाला की रंगच फासला होता, कोण जाणे. "समोरच्या थिएटरात आमचं नाटक चालू आहे. आत्ता मध्यंतर. पडदा उघडला की पहिली एन्ट्री माझी. आणि वाकून पत्र द्यायचंय हो... लोकांकडे पाठ करून!"

"काढा."

"अं?"

"मग काय अंगावरच शिवू? माझी हरकत नाही. सुईची तुम्हाला आहे का ते बघा."

तो गपकन ट्रायलरूमच्या पडद्याआड गेला. पडद्यातून एक हात आला, हातात पँट. मी एक टीप मारली, तिच्यावरून आणखी एक मारली, कारण कापड पार विरलेलं. पडद्याआडून रडका आवाज, "ताई, होईल ना?"

"होतंय. आणि ताई म्हटल्याने शिलाई कमी होत नाही."

"मग काय म्हणू?"

"काही म्हणू नका. पँट चढवा आणि पळा."

पळाला. पण दारात मागे वळून हसला, आणि त्या नादात पायरी चुकला. गुडघ्यावर आपटला. टीप मात्र उसवली नाही. दुसऱ्यांची म्हणे नजरेला नजर भिडते. आमची सुरुवात पँटपासून.

दुकान माझ्या मावशीचं. शाळा मला कधी पचलीच नाही. मशीनवर बसले आणि तिथेच रमले. मावशी जिभेची तिखट आणि मनाची लोणी. तिला दुसऱ्या दिवशी हा किस्सा रंगवून सांगत होते, तेवढ्यात दुकानात दोघे हजर. एक हा – काजळ पुसलेलं, त्यामुळे पटकन ओळखलाच नाही. दुसरे पांढऱ्या केसांचे एक गृहस्थ. ते नाटकमंडळीचे मालक, नाटकात बापाचं काम करायचे, आणि सगळे त्यांना काका म्हणायचे.

काकांनी मला वरपासून खालपर्यंत पाहिलं. "ही टीप तू मारलीस? अगं, आमचं नाटक बंद पडेल, पण ती टीप उसवायची नाही. येशील का आमच्याकडे कपडेपट सांभाळायला? आमचा माणूस सोडून गेला. या तिघांना कपडे घालायला कोणी नाही."

मी मागे बघितलं. तिथे तो एकटाच.

"हाच," काका म्हणाले. "एका नाटकात तीन कामं करतो. पोस्टमन, डॉक्टर, इन्स्पेक्टर. मंडळीत याला तिघेजण म्हणतात."

मावशीने माझ्याकडे पाहिलं, त्याच्याकडे पाहिलं, आणि ओठ मुरडून म्हणाली, "जा. पण एक लक्षात ठेव गं. नटाच्या शब्दावर कापडाला कात्री लावायची नाही."

गेले मी. आणि पोरींनो, तिथे काय काम असतं ते सांगते, नाहीतर पुढचं कळायचं नाही.

पोस्टमन विंगेत येतो, आणि लगेच डॉक्टर होऊन परत स्टेजवर जातो. मेकअपच्या खोलीत जायला वेळ नाही. तिथेच, पडद्यामागच्या अंधारात, उभ्याउभ्या बदल करायचा. त्यासाठी मी त्याच्या सगळ्या कपड्यांची बटणं वरून नुसती शोभेला ठेवली आणि आतून टिचबटणं लावली. एक ओढ दिली की शर्ट हातात. आणि त्यात एक नियम असतो, दगडावर कोरल्यासारखा – नटाने मदत करायची नाही. बुजगावण्यासारखं हात पसरून उभं राहायचं. त्याने स्वतःचं एक बटण जरी लावायला घेतलं, की चार हात एकमेकांत अडकतात आणि डॉक्टर अर्धा पोस्टमनच राहतो.

त्याला हे जमेना. पहिल्या दिवशी तो मदत करायला गेला आणि मी त्याला टाचणी टोचली.

"आई गं!"

"हात खाली. परत मधे आलास तर परत टोचीन."

"टाचणी आहेस नुसती," तो कुजबुजला आणि डॉक्टर होऊन गेला.

बघा, पहिल्याच बदलात आम्ही अहो-जाहो सोडलं. कारण अंधारात "अहो, जरा मान वर करता का" म्हणायला वेळ कुठे? "हात! मान! पाय!" – यात अहो बसवणार कुठे?

आणि मग बोलणं सुरू झालं. पण ते कसं – तुकड्यातुकड्याने. पहिल्या बदलात तो अर्धं वाक्य टाकायचा आणि स्टेजवर जायचा. दुसऱ्या बदलात मी उत्तर द्यायचे. उरलेलं पुढच्या प्रयोगाला.

"आज केसांना काहीतरी लावलंयस..."

गेला. डॉक्टरचं काम करून आला.

"तेल. मशीनचं. सांडलं."

"...छान वास येतोय."

"मशीनच्या तेलाचा?"

"मग काय झालं, मशीनला कोणी चांगलं म्हणू नये?"

इन्स्पेक्टर होऊन गेला. मी त्याचा डॉक्टरी कोट छातीशी धरून अंधारात एकटीच हसत राहिले. कोट गरम असायचा, नुकताच अंगावरून काढलेला...

हळूहळू कळत गेलं. घर सोडून आला होता काकांकडे, सेट उचलायला. सेट उचलता उचलता एक दिवस आजारी नटाचं काम उचललं, ते उचललंच. सिनेमातही होता म्हणे.

"कुठल्या? मी पाहिलेत सगळे."

"मग पाहिलंयस मला. मी मेलेलो असतो."

"म्हणजे?"

"प्रेत. चादरीखाली. तीन सिनेमांत मेलो गं, एकातही आधी जिवंत दाखवलं नाही."

मी एवढी हसले की इन्स्पेक्टरचा पट्टा उलटा बांधला.

पण त्याला मनातून लागायचं ते. पडद्यावर तोंड दिसावं, दोन वाक्यं बोलावीत, हे त्याचं एवढंसं स्वप्न. ऑडिशनला जायचा, मान खाली घालून यायचा. "मोठं करता फार," असं सांगायचे सगळीकडे. तो आवाज शेवटच्या रांगेपर्यंत फेकायला शिकलेला. कॅमेरा नाकापुढे, आणि हा बोलतोय गच्चीवरच्या माणसाशी.

अशाच एका हिरमुसल्या दिवशी, बदल चालू असताना, तो म्हणाला – अगदी हळू, श्वासात मिसळून –

"टाचणी... तिकडे मी पोस्टमन असतो. आता जाईन तो डॉक्टर. मधे इथे, तुझ्या हातात असतो ना... तेवढाच वेळ मी मी असतो."

आणि गेला.

मी कॉलरची घडी घालायला घेतली होती, ती किती वेळा घातली कुणास ठाऊक. मावशीचं वाक्य कानात. नट बोलला ते, की तो बोलला? मला तेवढंच हवं होतं पोरींनो. बाकी काही नको. हा माणूस खरं कुठलं बोलतो, तेवढं कळलं की झालं.

त्याच महिन्यात एका मालिकेचं बोलावणं आलं. घड्याळं दुरुस्त करणाऱ्या एका कारागिराचं काम, नायिकेवर जीव असलेला. मोबाइलवर एक प्रवेश रेकॉर्ड करून पाठवा म्हणाले. तो दुकानात आला, दोऱ्याच्या रिळांची उतरंड करून त्यावर मोबाइल टेकवला. बाहेर पाऊस, वर पत्रा. आणि याने सुरुवात केली –

"मी तुझी वाट पाहीन!"

समोरच्या थिएटरचा वॉचमन डोकावून गेला.

"अरे, मी इथे बसलेय," मी म्हटलं. "रस्त्यापलीकडे नाही."

"पाऊस केवढा आहे!"

"असू दे. ती बाई तुझ्यापुढे हातभर अंतरावर आहे ना? मग तिला कशाला ऐकवतोस गल्लीभर? विंगेत बोलतोस तसं बोल की."

त्याने माझ्याकडे पाहिलं. मी मशीन थांबवलं. मोबाइल उचलून मी माझ्या खांद्यापाशी धरला, म्हणजे त्याची नजर माझ्याकडे राहील. आणि तो बोलला. किती हळू... पत्र्यावर पाऊस चालू असून मला शब्द न् शब्द ऐकू आला. मावशी काज करत होती, तिचा हात थांबला. माझा हात हलला, म्हणून शेवटी सगळं चित्र तिरपं झालं.

तेच तिरपं पाठवलं. तेच पसंत पडलं!

काका मोठ्या मनाचे. म्हणाले, "जा लेका. रविवारी शूटिंगला सुट्टी असते ना, तेवढा दुपारचा प्रयोग करून जात जा, दुसरा माणूस मिळेपर्यंत." शूटिंग लांब, परगावी. जायच्या दिवशी तो दुकानाच्या पायरीवर उभा राहिला. काहीतरी बोलायचं होतं त्याला, ते दिसत होतं. मलाही.

"येतो," म्हणाला.

"ये," म्हटलं.

एवढंच. तिकीट काढून गाडीत बसल्यावर अक्कल येते दोघांनाही.

मालिका सुरू झाली. दुकानात मावशीने टीव्ही काउंटरवर आणून ठेवला. संध्याकाळी ब्लाउजच्या मापाला आलेल्या बायका तिथेच बसायच्या. घड्याळवाला पडद्यावर आला की मी मान खाली घालून हेम घालायचे, पण एक डोळा वर. किती छान दिसायचा! चादरीबाहेर काढल्याबद्दल मी त्या लोकांना मनातल्या मनात दुवा द्यायचे.

मग तो भाग आला.

घड्याळवाला नायिकेसमोर उभा. मागे टिकटिक. आणि तो म्हणाला – हळू, श्वासात मिसळून – "दिवसभर मी कोणाकोणाचा असतो. तुझ्या समोर असतो ना... तेवढाच वेळ मी मी असतो."

दुकानात बायकांनी एकदम "आई गं!" केलं. कॉलेजची एक पोरगी म्हणाली, "हे मी स्टेटसला ठेवणार!" आणि माझ्या बोटात सुई आरपार. रक्त आलं तरी मला कळलं नाही, मावशीने फडकं गुंडाळलं तेव्हा कळलं.

"त्याने तुला म्हटलं होतं हे?" मावशीने हळूच विचारलं.

मी नुसती मान हलवली. पण मावशीने "सांगितलं होतं ना" असं म्हटलं नाही. तिचे ते उपकार मी जन्मभर विसरणार नाही.

रविवार आला. मी मनाशी ठरवून गेले, काम करायचं, तोंड उघडायचं नाही. आणि प्रयोग संपला की काकांना सांगायचं, दुसरी बाई बघा.

पहिला बदल. तो धावत विंगेत आला, हात पसरले. "टाचणी! पाहिलास का तो भाग?"

मी शर्ट ओढला.

"काय गं? बोल ना. आवडलं नाही?"

"सगळ्यांना आवडलं हो तुमचं वाक्य," मी म्हटलं.

*तुमचं.* तो अंधारातही दचकलेला कळला मला. स्टेथोस्कोप गळ्यात अडकवला आणि ढकलला पुढे. त्या दिवशी डॉक्टरने पेशंटची नाडी बघायची ती स्वतःचीच बघितली म्हणे.

मग दुसरा बदल.

"ऐक," तो म्हणाला. "त्या दिवशी लिहिलेलं वाक्य दिग्दर्शकांना पटेना. ते म्हणाले, मनातलं काहीतरी बोल. मी मनात बघितलं... तेवढंच होतं."

"मनात होतं म्हणून वाटून टाकायचं? हात."

त्याने हात वर केला. "मला वाटलं तुला आनंद होईल. मला वाटलं... तुला कळेल की तुलाच म्हणतोय."

"मला कळलं. त्या कॉलेजच्या पोरीलाही कळलं. तिने स्टेटसला ठेवलंय. दुसरा हात."

"टाचणी..."

"आता मला काय सांगणार तुम्ही? जे सांगाल ते उद्या घड्याळवाला सांगेल, परवा आणखी कोणी. तुमच्या कुठल्या शब्दाला मी माझा म्हणू? मान वर."

त्याने मान वर केली नाही. आणि जे कधी केलं नव्हतं ते केलं – माझं मनगट धरलं. नियम मोडला.

स्टेजवर काकांचं वाक्य आलं, "आता या घराचं दार कोणी ठोठावणार नाही!" त्यावर यानं विंगेतली फळी ठोठावून इन्स्पेक्टर म्हणून आत जायचं.

फळी शेजारीच. हा हलेना.

"एन्ट्री," मी कुजबुजले.

"मी... तू... म्हणजे असं आहे की..." तो थांबला. ओठ हलले, आवाज नाही. "ते नाही... थांब. मला... अं..."

स्टेजवर काका पुन्हा म्हणाले, जरा मोठ्याने, "कोणीही ठोठावणार नाही... असं मला वाटतं!"

"अरे एन्ट्री!"

"येत नाहीये," तो म्हणाला. घामाने काजळ गालावर उतरलेलं. "काही येतच नाहीये गं. पाठ करून आलो होतो गाडीत. अख्खं. गेलं सगळं."

बघा पोरींनो. या माणसाला तीन भूमिका तोंडपाठ. दुसऱ्यांची वाक्यंसुद्धा पाठ. समोर हजार माणसं असताना कधी अडला नाही. आणि अंधारात एका शिंपिणीपुढे त्याची अक्षरं गळून पडली होती. त्यात आवाज नव्हता, पॉज नव्हता, काही म्हणजे काही नव्हतं. असलं बेकार काम कुठल्या दिग्दर्शकाने पसंत केलं असतं?



"वारा असेल!" काका स्टेजवर ओरडले. "दाराला वारासुद्धा शिवत नाही आज!"

"जा ना रे," मी म्हटलं. *रे* कधी आलं ते मलाच कळलं नाही.

"आधी सांग."

"काय सांगू? तू काही विचारलंच नाहीस!"

"...राहशील? माझ्याबरोबर? म्हणजे, लग्न. म्हणजे शूटिंग असलं तरी, नसलं तरी... मी परत प्रेत झालो तरी."

"प्रेताशी लग्न करू?"

"हो की नाही?"

"काका मरतील तिकडे!"

"हो की नाही, टाचणी?"

"हो! हो म्हटलं ना! जा आता!" आणि मी दोन्ही हातांनी त्याला ढकलला. फळी ठोठावायची राहिली. इन्स्पेक्टर दार न वाजवताच घरात पडला. टोपी माझ्या हातात राहिली.

हा प्रवेश कसला, तर मुलाला अटक करायला पोलीस येतो आणि म्हातारा बाप कोसळतो. थिएटरात पदरांनी डोळे पुसायचे लोक. आणि आमचा इन्स्पेक्टर उभा – डोक्यावर टोपी नाही, गालावर काजळ, आणि तोंडभर हसू. आवरेच ना! गाल आत ओढले, ओठ चावले, तरी कोपऱ्यातून बाहेर येत होतं.

काका तसे जुनं खोड. त्यांनी त्याला नखशिखांत न्याहाळलं, विंगेकडे एक तिरका डोळा टाकला, आणि म्हणाले, "काय हो साहेब? माझ्या मुलाला न्यायला आलात आणि हसताय?"

"माफ करा काका," इन्स्पेक्टर म्हणाला. "घरी एक चांगली बातमी आहे."

"असं? मग आम्हालाही कळू द्या की. आमच्या घरात सध्या तुटवडा आहे."

थिएटरात शेवटच्या रांगेतला माणूससुद्धा पुढे वाकलेला. मी टोपीची कडा दातांत धरली. आता बोलतोय हा... आता सांगतोय सगळ्यांना...

त्याने विंगेकडे पाहिलंसुद्धा नाही. हळूच म्हणाला, पण शेवटच्या रांगेला ऐकू गेलं –

"नाही काका. ही नाही सांगायची. ही माझी आहे."

लोक हसले, कोणीतरी टाळी वाजवली, मग सगळ्यांनीच. मी टोपी तोंडावर घट्ट दाबून धरली, नाहीतर माझंच हसू स्टेजवर गेलं असतं.